पंधरा दिवस फुकट वापरून पाहा

‘पाहा ताई, मेसेज गेले सगळ्याइले!’ म्हणत माझ्या ऑफिसातल्या रजतनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मी नुकतीच कोर्टातून आले होते, गळ्याचा पांढरा बँड घामानं चिकटला होता आणि मला आधी पाणी पाहिजे होतं, सॉफ्टवेअर नंतर. त्यामुळे बाटली तोंडाला लावूनच मी पडद्याकडे पाहिलं. आमच्या पक्षकारांच्या नावांची रांग, प्रत्येक नावापुढे हिरवी खूण आणि बारीक अक्षरांत ‘संदेश पोहोचला’. नावं वर सरकत गेली. जमिनीच्या वाटणीवाले, चेक परत गेलेले, अपघातवाले, आणि मग विमल गोविंदा गावंडे. पोहोचला. तिच्या नावापुढे आणखी एक खूण होती, निळी. ‘वाचला’. पाणी माझ्या नाकात गेलं. खोकत खोकत मी टेबलाचा काठ धरला. रजतला वाटलं नुसता ठसका लागलाय, त्यानं पाठीवर थोपटलं. मी म्हटलं, ‘काय लिहिलंय त्याच्यात? वाच. लवकर वाच.’

त्यानं कौतुकानं वाचलं, कारण ते मराठीत होतं आणि शुद्ध होतं. ‘नमस्कार. आपले प्रकरण: विमल गोविंदा गावंडे विरुद्ध गोविंदा गावंडे. प्रकार: कौटुंबिक हिंसाचार. स्थिती: अर्ज दाखल करणे बाकी. आपली भेट बुधवारी आहे. येताना दवाखान्याचे कागद व दागिन्यांच्या पावत्या आणाव्यात. ॲड. उमेरा शेख आणि सहकारी, दिग्रस.’ वाचून झाल्यावर तो माझ्याकडे पाहत राहिला, मी शाबासकी देईन म्हणून. मी म्हटलं, ‘रजत, तो नंबर गोविंदाचा आहे.’ त्याला कळायला एक क्षण लागला. मग त्याचा हात आपोआप लॅपटॉपवर गेला आणि त्यानं तो बंद केला, जसं काही झाकण लावलं की गेलेला मेसेज वापस येईल.

विमलकडे फोन नव्हता. होता, तो गोविंदानं काढून घेतला होता, मुलीला तिच्या मामाकडे मारेगावला शिकायला पाठवलं त्याच महिन्यात. घरात राहिला एकच फोन, तो त्याच्या शर्टाच्या खिशात. आणि ही काही एकट्या विमलची गोष्ट नव्हती. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका जो नंबर देतात तो त्यांचा नसतोच. नवऱ्याचा, सासऱ्याचा, नाहीतर समोरच्या किराणावाल्याचा असतो. मग त्या नंबरावर बोलायची एक रीत ठरवावी लागते. एकीसाठी मी शिलाई मशीनच्या दुकानातून बोलते. एकीसाठी शाळेतली बाई. एकीच्या सासूला तर अजून वाटतं की मी गॅस एजन्सीत आहे, ती मला सिलिंडर कधी येते म्हणून झापते. विमलसाठी मी बचत गटाची मॅडम. ‘नमस्कार भाऊ, गटातून बोलते, विमलताईले द्या जी.’ गोविंदा ओरडायचा, ‘घे वं, तुया मॅडमचा फोन!’ मग विमलचा आवाज, ओला, मागे भांड्यांचा खळखळाट. ‘मॅडम, बुधवारी येते मी हप्ता भराले.’ म्हणजे बुधवारच्या बसनं ती ऑफिसात येणार. एकदा फोन ठेवता ठेवता तिला हसू फुटलं होतं, आणि मलाही. आम्ही दोघी बाया एका माणसाच्या देखत त्याच्याच फोनवर हसत होतो.

हे सगळं तिच्या फायलीवर लाल पेनानं लिहिलेलं होतं, माझ्याच हातानं, वर, मोठ्या अक्षरांत. नंबर नवऱ्याचा आहे. गटाची मॅडम म्हणून बोलणे. मेसेज कधीही करू नये. रजत आठवडाभर फायली घेऊन बसला होता, एकेक नाव त्या निळ्या सॉफ्टवेअरमध्ये भरत. आम्ही दोन सॉफ्टवेअर पाहत होतो, एक निळं आणि एक हिरवं, दोन्ही पंधरा दिवस फुकट. रजतला हिरवं आवडलं होतं. त्यात प्रत्येक पक्षकाराचं पान उघडलं की आधी विचारायचं, यांच्याशी संपर्क कसा करावा, कोणत्या वेळी करावा, आणखी काही सूचना? ते भरल्याशिवाय पुढंच जाऊ द्यायचं नाही. मी वैतागले. म्हटलं, एवढं कोण भरत बसेल, ही काय सोयरीक जुळवायची आहे का? निळं कसं, नाव टाका, नंबर टाका, तारीख टाका, आणायचे कागद टाका, बाकी सगळं ते आपलं आपण करतं. लोकांना तारखा कळवतं. आमच्याकडे दिवसभर तेच चालतं ना, ‘बाई, तारीख कोनती देल्ली?’ जेवताना, नमाजाच्या वेळी, उलटतपासणीत उभी असताना. निळं घेऊ, मी म्हटलं. आणि काल मी कोर्टाच्या पायऱ्या चढत असताना रजतनं फोन करून विचारलं होतं, ‘ताई, फायलीवर तुम्ही लाल पेनानं लिहून ठेवलंय ते कुठं टाकू? याच्यात शेऱ्याले जागाच नाई.’ मी काय म्हटलं? मी म्हटलं, ‘सोड रे ते. फायलीवर आहेच ना.’

आणि खरं सांगायचं तर मला कंटाळा आला होता. सोंगं करायचा. वकिलीची सनद घेतली, काळा कोट घातला, आणि दिवसातून तीनदा गॅसवाली व्हायचं. यवतमाळला वकिलांच्या बाररूममध्ये एक पोरगी, माझ्याहून किती लहान, मोबाइल काढून बोटानं तारखा सरकवत होती आणि सगळे तिच्याभोवती वाकून पाहत होते. मला तिचा हेवा वाटला होता. वाटलं होतं, आपलंही ऑफिस असं ऑफिससारखं व्हावं. जी बाई येईल ती आपल्या नावानं यावी, तिचं प्रकरण तिच्या नावानं उघडावं, नीट, उजेडात. आता उघडलं होतं. गोविंदाच्या हातात.

‘दुसरा मेसेज टाकू का?’ रजत म्हणाला. ‘चुकून गेला म्हणून? दुसऱ्याच विमलचा होता म्हणून?’ मी ओरडले त्याच्यावर. ‘तिचं नाव, नवऱ्याचं नाव, सगळं आहे त्याच्यात, दुसरी विमल कुठून आणशील?’ त्याचे डोळे भरले होते आणि मला त्याचाही राग आला, कारण रडायची वेळ माझी होती. मी विमलच्या भावाला फोन लावला. मारेगाव म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक, तो शेतात असणार, फोन लागेना. पोलिसांना सांगावं? मागच्या वर्षी शेजाऱ्यांनी एकदा पोलिसांना फोन केला होता. गाडी दारात आली, विमल डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, काही झालं नाही साहेब, मी पडली. गाडी गेल्यावर काय झालं ते तिनं मला सांगितलं होतं. सांगताना ती खालच्या जबड्याला हात लावत होती, तिथे हाड नीट जुळलं नव्हतं. पोलिसांची गाडी आता पुन्हा दारात गेली तर ती पुन्हा तेच म्हणेल. आज तर नक्कीच म्हणेल.

पहिल्यांदा आली तेव्हा ती खुर्चीवर बसलीच नाही. भिंतीला टेकून उभी राहिली. मी म्हटलं, बसा ना ताई, तर म्हणाली, ‘उभीच बरी हाय.’ मग समजलं, तिला बसताच येत नव्हतं. तिनं पैसा, पोटगी, घर, कशाचंच विचारलं नाही. एकच विचारलं. ‘मॅडम, तुमच्याकडं आली म्हंजे त्याले लगेच मालूम पडते का?’ मी टेबलावरून हात पुढे करून तिचा हात धरला होता. म्हटलं, ‘तुम्ही सांगेपर्यंत कोनाले मालूम पडणार नाई. हे माझ्यावर सोडा.’ तिनं माझ्यावर सोडलं. त्यानंतर प्रत्येक फेरीत ती काही ना काही आणत गेली, पदराखाली, भाजीच्या पिशवीच्या तळाशी. आधी दवाखान्याचा कागद, मग एक्सरे, मग लग्नाचा फोटो, त्याच्यात तिच्या गळ्यातले दागिने दिसतात म्हणून. सगळे कागद जमले की एका दिवशी बाजाराला म्हणून निघायचं आणि मारेगाव गाठायचं, अर्ज त्याच दिवशी दाखल करायचा, असं आमचं ठरलं होतं. थोडंच राहिलं होतं.

शेवटी मी तेच केलं जे मला येत होतं. फोन उचलला, घसा साफ केला आणि गटाची मॅडम झाले. रजत माझ्याकडे बघत होता, मी त्याला पाठ केली. घंटी वाजत राहिली. मी मनात कुराणातली आयत पुटपुटत होते, कोणती ते मलाही आता आठवत नाही. मग त्यानं उचलला. ‘हां, बोला.’

‘नमस्कार भाऊ, गटातून बोलते. विमलताईले द्या जी.’

तो दुकानात असावा. त्याचं खताबियाण्यांचं दुकान आहे, घराच्याच पुढच्या खोलीत. मागे कोणी तरी फवारणीच्या औषधाचा डबा मागत होतं. मग तो अगदी गोड आवाजात म्हणाला, ‘कोनत्या गटाच्या मॅडम? वकिलाच्या गटाच्या का?’

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘बोला ना. इतके दिवस तं लय बोलत होत्या. मी मायाच फोन माया हातानं नेऊन देत होतो तिले.’ तो हसला. ‘देतो, देतो. आता बोलता नाई येत तिले. मंग करा.’

आणि फोन बंद झाला. आता बोलता येत नाही. या तीन-चार शब्दांचे मी किती अर्थ लावले ते मला सांगता येणार नाही. आंघोळ करतेय. झोपलीय. कोंडून ठेवलंय. जबडा. पुन्हा जबडा. मी फाइल उचलली, का उचलली माहीत नाही, छातीशी धरली आणि म्हटलं, ‘रजत, गाडी काढ.’ तो म्हणाला, ‘ताई, आपुन गेलो तर आनखी बिघडन.’ मी म्हटलं, ‘आणखी काय बिघडायचं राहिलंय रे?’

रस्त्यानं जिनिंगकडे चाललेले कापसाचे ट्रक होते, मागे मागे रांगेत, आणि बाभळींना कापसाचे पुंजके अडकलेले. रजत भोंगा वाजवत होता, कोणी बाजू देत नव्हतं. मी खिडकीची काच खाली केली, मग वर केली, मग पुन्हा खाली केली. कोट काढायचंही भान नव्हतं. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, त्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वाचला’ असं लिहून येतं. म्हणजे त्याला माहीत असतं कधी वाचला, फक्त कोणी वाचायला नको हेच तेवढं माहीत नसतं. मग वाटलं, त्याला कायले शिव्या देतेस उमेरा? त्याला कोण सांगणार होतं? हिरवं विचारत होतं तेव्हा तूच म्हणालीस, एवढं कोण भरत बसेल. निळ्यावाल्या कंपनीची, पुण्याहून बोलणारी पोरगी व्हिडिओवर किती अदबीनं म्हणाली होती, ‘मॅडम, तुमच्या क्लायंट्सची थोडी माहिती सांगता का, म्हणजे सेटिंग तसं करता येईल?’ आणि मी घड्याळ पाहत म्हटलं होतं, ‘जे सगळ्यांचं असतं तेच.’ जे सगळ्यांचं असतं! विमलचं काय सगळ्यांसारखं होतं? मला एकदम अम्मी आठवली. आमच्या घरी फोन नवा होता तेव्हा अब्बांच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातच तो असायचा, आणि अम्मीला माहेरी बोलायचं असलं की ती आधी मला पाठवायची, जा, बघून ये, दुकानात कोण कोण बसलंय. मी पळत जायची, पाहून यायची, सांगायची. कोणी नसलं तरच ती चपला घालायची. अब्बांनी तिला कधी काही म्हटलं नव्हतं, साधा माणूस, तरीही ती बघून घ्यायची. म्हणजे हे मला लहानपणापासून माहीत होतं. कोणी शिकवायची गरज नव्हती. मला रडू आलं आणि मी ते दाबलं नाही. रजतनं रुमाल दिला.

गाव आलं. दुकान फाट्यावरूनच दिसलं, पुढे ओट्यावर पोत्यांची थप्पी, आणि त्या पोत्यांवर चार-पाच माणसं बसलेली. गाडी थांबली तसा गोविंदा गल्ल्यामागून उठला. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. मी एखादा राक्षस पाहायच्या तयारीनं आले होते, आणि समोर चष्मा लावलेला, कपाळाला बुक्का लावलेला, नीट इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस. ‘या वकीलबाई,’ तो म्हणाला. ‘चहा घ्या. ए, चहा सांग रे दोन.’ मग पोत्यांवरच्या माणसांकडे वळून, ‘ह्याच त्या. गटाच्या मॅडम.’ एक जण हसला. बाकीचे खाली पाहत होते.

‘विमलताई कुठं आहेत?’ मी म्हटलं. माझा आवाज कोर्टातला निघाला, मोठा.

‘आहे ना घरात. मी काई म्हनलं नाई तिले, विचारा या लोकाइले. फकस्त मेसेज वाचाले लावला. इथंच, ओट्यावर उभी करून. मोठ्यानं वाच म्हनलं, सगळ्याइले ऐकू जाऊ दे का तुयावर काय काय अत्याचार होऊन राह्यला.’ त्यानं चष्मा काढून पुसला. ‘चार खेपा वाचाले लावला. अडखळत होती जी, शिकलेली कमी हाय ना.’

तेवढ्यात बाजूचं घराचं दार उघडलं. विमल बाहेर आली. हातात कापडाची पिशवी, पायात चपला, पदर तोंडावर घट्ट ओढलेला, फक्त डोळे दिसत होते. एक डोळा बारीक झाला होता. ती ओट्यावरून खाली उतरली आणि नवऱ्याकडे न पाहता चालू लागली. गोविंदा जागचा हलला नाही. लोक बसले होते ना. तो फक्त म्हणाला, ‘जाय. खुशाल जाय. पन आता गेली तं हा उंबरठा विसरून जाय.’ ती थांबली नाही. माझ्याजवळून गेली तेव्हाही थांबली नाही. मी मागे धावले. ‘विमलताई, गाडी आहे. बसा गाडीत. आधी दवाखान्यात जाऊ, मग माझ्या घरी चला, मग पाहू काय ते.’ ती चालतच होती, भराभर, फाट्याकडे. मी तिच्या बाजूनं अर्धी पळत होते, कोट घातलेला, हातात फाइल, आणि मागून रजत गाडी हळूहळू आणत होता. कोणीतरी पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं? सगळेच पाहत होते.

फाट्यावर ती थांबली. यवतमाळची बस दूर वळणावर दिसत होती. मी म्हटलं, ‘माझी चूक झाली. माझीच झाली. तुमचे पाय धरते मी.’ आणि खरंच वाकले. तिनं पाय मागे घेतले. पदराआडून ती बोलली तेव्हा शब्द नीट येत नव्हते, तोंडात काही धरून बोलावं तसे. ‘फाइल आनली का?’

मी फाइल पुढे केली. तिनं ती घेतली, उघडली नाही, पिशवीत कपड्यांमध्ये सरकवली.

‘मले दुसरी वकील पाहून द्या, मॅडम. यवतमाळची चालन, मारेगावची चालन. तिले सांगजा का अर्ज आजच टाक म्हना.’

‘मी टाकते. आजच टाकते. कोर्ट सुटायला वेळ आहे अजून. मी आहे ना विमलताई.’

‘तुमी होत्या म्हनूनच तं मी घाबरत नव्हती इतके दिवस,’ ती म्हणाली. रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तिनं ते असं म्हटलं, जशी एखादी बाई दुकानदाराला सांगते की ही वस्तू मला नको, दुसरी दाखवा.

बस आली. दार उघडलं, धूळ आमच्यावर आली. ती दांडी धरून वर चढली, पायरीवर तिचा तोल गेला आणि कंडक्टरनं दंड धरला. मी पायरीवर एक पाय ठेवला. म्हटलं, ‘भावाकडे पोचल्या की मले कसं समजन? कोनाच्या तरी फोनवरून एक रिंग तरी द्या. नुसती रिंग. मी उचलणार पन नाई.’

ती खिडकीजवळ बसली होती. तिनं पदर थोडा खाली केला आणि मला तिचं तोंड दिसलं, सगळं. मी पाहिलं. तिनं ते मला पाहू दिलं, पुरेसा वेळ, आणि मग म्हणाली, ‘तुमाले कायले समजलं पायजे, मॅडम?’

कंडक्टर मला म्हणाला, बाई, यायचं असलं तर या, नाहीतर उतरा. मी उतरले.